श्रमिकाचा हात आणि क्षयरोगाचा सरकारी हिशेब

२०२५ साल संपेपर्यंत भारत क्षयरोगमुक्त होईल, अशी घोषणा पंतप्रधानांनी मार्च २०१८ मध्ये दिल्लीत भरलेल्या परिषदेत केली होती. जगाने २०३० साल धरले असताना भारत पाच वर्षे आधीच ही मजल मारणार, असा अभिमान त्या घोषणेमागे होता. २०१५ च्या तुलनेत नव्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांनी खाली यावयाचे होते. प्रत्यक्षात, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, ते लाखामागे २३७ वरून २०२४ साली १८७ वर आले. म्हणजे घट झाली ती सुमारे २१ टक्के. जगातील क्षयरुग्णांचा चौथा हिस्सा आजही एकट्या भारतात आहे. या अपयशाची चर्चा होईल, व्हावयासही हवी. परंतु या आकड्यांच्या पोटात आणखी एक अपयश दडलेले आहे आणि त्याची चर्चा होत नाही. कारण ते मोजण्याची सोयच सरकारी हिशेबात नीट केलेली नाही. ते अपयश श्रमिकाच्या हाताचे आहे.

क्षय म्हटला की खोकणारा, खंगलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. भित्तिपत्रकांवर तोच असतो आणि आकाशवाणीवरून ‘दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासा’ असे सांगितले जाते तेही त्यालाच उद्देशून. परंतु क्षयाचा जंतू फुप्फुसापुरता थांबत नाही. नोंद होणाऱ्या रुग्णांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याचा क्षय फुप्फुसाबाहेरचा असतो. एकूण क्षयरुग्णांत हाडासांध्यांच्या रुग्णांचे प्रमाण शेकडा एक ते तीन मानले जाते. त्यांतील निम्मे पाठीच्या कण्याचे. उरलेल्यांत खुबा आणि गुडघा मोठे भागीदार. मनगट आणि हाताची बोटे यांचा वाटा लहान आहे. पण २०२४ साली सव्वीस लाखांहून अधिक क्षयरुग्णांची नोंद झालेल्या देशात लहान वाटासुद्धा शेकड्या-हजारांच्या घरात जातो. आणि ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्या दृष्टीने हा वाटा लहान की मोठा, या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

सुजेपासून पांगळेपणापर्यंत

हा रोग कसा येतो? शरीरात पूर्वी कधीतरी शिरलेला जंतू रक्तावाटे मनगटाच्या लहान हाडांत किंवा सांध्याच्या अस्तरात जाऊन बसतो. छाती अनेकदा स्वच्छ असते, खोकला नसतो, ताप असला तर अंगावर काढण्याइतका. मनगटाच्या पाठीवर थोडी सूज येते, मूठ पूर्वीसारखी घट्ट आवळत नाही, हात वळवताना कळ येते. पू होतो, पण तो नेहमीच्या गळवासारखा लाल आणि गरम नसतो. म्हणूनच वैद्यकात त्याला थंड गळू म्हणतात. पुढे ते फुटते आणि वाहणारी जखम महिनोन्महिने भरत नाही. कधी रोग सांध्याऐवजी बोटे वाकवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांभोवतीच्या आवरणात शिरतो. मग मनगटाच्या पट्टीच्या वर आणि खाली अशी दुहेरी सूज दिसते. एक बाजू दाबली की पाणी दुसरीकडे सरकते आणि आत तांदळाच्या दाण्यांसारखे कण असतात. याच जागेतून जाणारी नस दाबली गेली की अंगठा आणि शेजारची बोटे बधिर होतात. लहान मुलांत एखादे बोटच चातीसारखे मध्ये फुगते.

या साऱ्या लक्षणांत आरडाओरडा करणारे एकही लक्षण नाही. रोग हळू चालतो, आणि हळू चालणाऱ्या रोगाला कामाची सवय असलेला माणूस दुखणे मानतच नाही.

सोलापुरात किंवा सिन्नरला घरी बसून विड्या वळणारी एखादी स्त्री घ्यावी. तिच्या मनगटाला सूज आली, तर ती पहिले दोन महिने कामाचा ताण म्हणून काढते. मग मलम, मग मालीश. वस्तीतला डॉक्टर वेदनाशामक गोळ्या देतो. गोळ्यांनी भागत नाही म्हणून ती शहरातल्या दवाखान्यात जाते. तेथे क्ष-किरण चित्र काढले जाते आणि सुरुवातीच्या काळात त्यात फारसे काही दिसत नाही. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. दोन-तीन आठवडे बरे वाटते, मग सूज दुपटीने येते; कारण स्टेरॉइडने वेदना दबते तशीच जंतूला रोखणारी शरीराची शक्तीही दबते. मग संधिवाताची औषधे सुरू होतात. हे सारे होईतो वर्ष लोटते. हजार विड्यांवर मजुरी मिळवणारा हात पाचशेवर येतो, मग दोनशेवर. विड्यांचा दर हजारी असतो. दुखऱ्या हाताला निराळा दर नसतो. घरातली मोठी मुलगी शाळा सोडून मांडीवर सूप घेऊन बसते. हा क्षय मनगटातून दुसऱ्याच्या मनगटात जात नाही हे खरे, पण तो पुढच्या पिढीच्या आयुष्यात मात्र जातो.

हे चित्र कोणा एकीचे नाही. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतून या रोगाविषयी जी एक गोष्ट वारंवार सांगितली जाते, ती ‘निदानाला झालेला विलंब’ हीच आहे. पाठ्यपुस्तक विलंबाची नोंद करते. तो विलंब कोणाच्या वाट्याला येतो, हे सांगणे त्याचे काम नव्हे. ते राजकारणाचे काम आहे.

निदानाची वाट कोठे अडते

निदान अशक्य आहे असे मुळीच नाही. क्ष-किरण चित्रात कालांतराने सांध्यालगतचे हाड विरळ झालेले, कडेला कुरतडलेले आणि सांध्यातील अंतर हळूहळू कमी झालेले दिसते. एम.आर.आय. चित्रात हे बदल बरेच आधी दिसतात. परंतु ही चित्रे संशय निर्माण करतात, पुरावा देत नाहीत. तशीच चित्रे संधिवातातही दिसू शकतात. रक्त तळाशी बसण्याचा वेग वाढलेला आढळला, तर शरीरात कोठेतरी दाह आहे एवढेच कळते. कातडीवरची क्षयचाचणी सकारात्मक आली, तर जंतू कधीकाळी शरीरात आला होता इतकेच ठरते; ज्या देशात कोट्यवधी लोकांच्या शरीरात हा जंतू निद्रिस्त आहे, तेथे त्या उत्तराला फारसा अर्थ नाही. रक्तातील प्रतिपिंडे शोधून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्या तर इतक्या बेभरवशाच्या ठरल्या, की जून २०१२ मध्ये केंद्र सरकारला त्यांच्यावर बंदी घालावी लागली. तोवर खाजगी प्रयोगशाळांनी त्या वर्षानुवर्षे विकल्या होत्या.

पुरावा मिळतो तो एकाच ठिकाणी : रोगाच्या जागी. सुईने पू काढून किंवा लहानशा शस्त्रक्रियेने सांध्याच्या अस्तराचा तुकडा काढून तो तपासावा लागतो. हाडासांध्यांच्या क्षयात जंतूंची संख्या अत्यल्प असते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतीलच असे नाही. म्हणून एकाच तुकड्यावर तीन तपासण्या कराव्या लागतात. पेशींची रचना पाहणारी ऊतक-तपासणी, जंतूची जनुकीय खूण शोधणारी सीबीनॅट चाचणी आणि जंतू वाढवून पाहणारे संवर्धन. सीबीनॅटचे उत्तर काही तासांत मिळते आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईल की नाही हेही कळते. संवर्धनाला कित्येक आठवडे लागतात, पण अंतिम शब्द त्याचा. किनाऱ्यावरील कोळ्यांच्या आणि मासळी साफ करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर याचे महत्त्व अधिकच आहे. माशाचा काटा टोचून हाताला सूज आणणारा क्षयजंतूचा एक चुलतभाऊ आहे. ऊतक-तपासणीत तो क्षयासारखाच दिसतो, पण त्याचा उपचार निराळा असतो.

येथे एक अगदी साधी गोष्ट निर्णायक ठरते. तुकडा काढल्यावर तो कोणत्या बाटलीत घातला? शस्त्रक्रियागृहाच्या रिवाजाप्रमाणे तो सबंध फॉर्मॅलिनमध्ये टाकला, तर पेशींची रचना टिकते, पण जंतू मरतो आणि संवर्धनाची वाट कायमची बंद होते; सीबीनॅटसाठीही तो तुकडा निकामी होतो. त्याचे दोन भाग करून एक फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवला, तर पूर्ण उत्तर मिळू शकते. हा फरक काही रुपयांच्या बाटलीचा आणि कोणीतरी नीट शिकवलेल्या एका सवयीचा आहे. ती सवय लागत नाही याचे कारण दारिद्र्य नव्हे. फुप्फुसाबाहेरचा रुग्ण हा आपल्या कार्यक्रमाचा रुग्ण आहे, अशी भावनाच यंत्रणेत मुरलेली नाही.

औषध आहे, आणि ते सोपे आहे

या साऱ्यात सर्वांत संतापजनक बाब अशी, की वेळेवर ओळखला तर हा रोग औषधाने बरा होतो. शंभर वर्षांपूर्वी अशा हाताला विश्रांती, ऊन आणि शेवटी शस्त्रक्रिया यांपलीकडे उपाय नव्हता. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ पासून आयसोनियाझिड वापरात आले, पुढे रिफॅम्पिसिन आले आणि चित्र पालटले. या इतिहासात भारताचा वाटा मोठा आहे. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या केमोथेरपी केंद्राने शहरातील गरीब रुग्णांवर अभ्यास करून दाखवून दिले, की घरी राहून औषधे घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. धनिकांच्या थंड हवेच्या ठिकाणांची मिरासदारी या निष्कर्षाने मोडून काढली. बनारस हिंदू विद्यापीठातील डॉ. एस. एम. तुली यांनी पुढे हाडासांध्यांच्या क्षयात आधी औषधे आणि गरज उरेल तेथेच शस्त्रक्रिया, असा मार्ग आखला. प्रगत देशांतील शस्त्रक्रियाप्रधान मताला एका गरीब देशाच्या अनुभवाने दिलेले ते उत्तर होते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली फुप्फुसाबाहेरील क्षयासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हाडासांध्यांच्या क्षयाला बारा महिन्यांचा औषधोपचार सांगितला आहे. गरज पडल्यास तो १८ महिन्यांपर्यंत वाढवता येतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायरॅझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे, नंतर पायरॅझिनामाइड वगळून उरलेली तीन. फुप्फुसाच्या नेहमीच्या क्षयाला सहा महिने पुरतात. हाडाला त्याच्या दुप्पट. इतका काळ औषधे घेताना कावीळ होत नाही ना, इथॅम्ब्युटॉलने दृष्टी मंदावत नाही ना, यावर लक्ष ठेवावे लागते. हाताला सुरुवातीला खपाचीचा आधार द्यावयाचा, तोही मनगट किंचित वर उचललेल्या स्थितीत. कारण उद्या सांधा आखडलाच, तर त्या स्थितीत मूठ तरी वळली पाहिजे. वेदना ओसरू लागली की बोटांचा आणि मनगटाचा व्यायाम सुरू करावयाचा. गळू मोठे असेल, नस दाबली गेली असेल किंवा औषधांना दाद मिळत नसेल, तरच शस्त्राचा आधार. सांधा पुरता झिजल्यावर आलेल्या रुग्णाचा सांधा एका स्थितीत कायमचा जोडून टाकावा लागतो. वेदना जाते, पण मनगट पुन्हा वळत नाही. करणी, विळा, कोयता किंवा सुई धरणाऱ्या माणसाला वळणारे मनगट आणि न वळणारे मनगट यांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही.

एवढ्या दीर्घ उपचारात औषधाचा पुरवठा एक महिना जरी तुटला, तरी केलेले काम पाण्यात जाण्याचा आणि जंतू औषधाला निर्ढावण्याचा धोका असतो. तरीही २०२४ च्या मार्च महिन्यात केंद्राने राज्यांना पत्र पाठवून काही क्षयऔषधांची स्थानिक खरेदी करावयास सांगितले. कारण केंद्राकडूनच पुरवठा खोळंबला होता. उद्दिष्टाची मुदत दीड-पावणेदोन वर्षांवर आली असताना सरकारच्या भांडारात साध्या गोळ्या पुरेशा नसाव्यात, यावर निराळे भाष्य करण्याची गरज नाही.

दुसऱ्याला धोका नाही म्हणून

औषध आहे, चाचणी आहे, मार्गदर्शक तत्त्वे आहेत. मग श्रमिकाचा हात का वाचत नाही? याचे उत्तर वैद्यकात नसून अर्थशास्त्रात आहे.

रूढ अर्थशास्त्राने सार्वजनिक आरोग्यात सरकारने का पडावे, याचे एक समर्थन तयार केले. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो, त्याची झळ बाजाराच्या किंमतीत उमटत नाही, म्हणून तेथे सरकारने खर्च करणे योग्य. याला बाह्य परिणामांचा सिद्धांत म्हणतात. जागतिक बँकेच्या १९९३ च्या जागतिक विकास अहवालाने आरोग्याला हाच काटा लावला आणि रुपयामागे किती आयुष्य वाचते या हिशेबाने रोगांचा क्रम लावला. क्षयाचा अल्पकालीन औषधोपचार त्या हिशेबात अत्यंत किफायतशीर ठरला आणि १९९७ पासून जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधाराने भारतात सुधारित क्षयनियंत्रण कार्यक्रम विस्तारला. या कार्यक्रमाने लक्षावधी जीव वाचवले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु त्याचा पाया थुंकी हाच होता. ज्याच्या थुंकीत जंतू सापडतो तो पहिल्या वर्गाचा रुग्ण. ज्याचा क्षय फुप्फुसाबाहेरचा आणि ‘गंभीर नसलेला’, तो तिसऱ्या वर्गाचा; त्याला चाराऐवजी तीनच औषधे. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या काळच्या वर्गवारीत कण्याखेरीजचे हाड आणि हातापायांचे सांधे ‘कमी गंभीर’ या सदरात घातलेले होते.

कमी गंभीर कोणासाठी? शेजाऱ्यासाठी, सहप्रवाशासाठी, कारखान्याच्या मालकासाठी कमी गंभीर. कारण मनगटातला जंतू हवेतून त्यांच्यापर्यंत येत नाही. ज्याचे ते मनगट आहे, त्याला कोणी विचारले नाही. तो तिसरा वर्ग पुढे कागदावरून रद्द झाला, दररोज औषधे देण्याची पद्धत आली, कार्यक्रमाचे नावही २०२० साली बदलून निर्मूलन कार्यक्रम झाले. पण थुंकीची दृष्टी तशीच राहिली. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीने मोजला तो फुप्फुसाचाच क्षय. डिसेंबर २०२४ पासून ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम निघाली. तिची हाती धरावयाची क्ष-किरण यंत्रे रोखलेली होती ती छातीवर. त्या यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या बाईने सुजलेले मनगट पदराखाली ठेवले असेल, तर ते पाहण्याची सूचना कोणाला नव्हती.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो प्रामाणिक आहे. साधने तोकडी आहेत. संसर्ग पसरवणाऱ्या रुग्णाला आधी गाठले, तर पुढचे दहा रुग्ण टळतात. मनगटाच्या एका रुग्णामागे शक्ती खर्च करणे परवडणारे नाही. संसर्गजन्य रुग्णाला अग्रक्रम द्यावा, याबद्दल वाद नाही. परंतु अग्रक्रम म्हणजे इतरांना रांगेबाहेर काढणे नव्हे. आणि येथे मागितले जात आहे ते काही नवे रुग्णालय नव्हे. जिल्हा रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ आहे, शस्त्रक्रियागृह आहे, सीबीनॅट यंत्र सरकारने आधीच विकत घेतलेले आहे. या तीन खोल्यांना जोडणारी वाट नाही, एवढाच प्रश्न आहे. ती वाट नसल्यामुळे रुग्ण खाजगी दवाखान्यांच्या दारोदार फिरतो, चुकीच्या उपचारांवर कर्ज काढतो आणि शेवटी सांधा गमावून सरकारच्या दारात येतो. खर्च वाचत नाही. तो फक्त सरकारी अंदाजपत्रकातून उचलून मजुराच्या अंगावर टाकला जातो. सरकारी विमा योजनांचा भर रुग्णालयात दाखल करून होणाऱ्या उपचारांवर आहे. निदानापूर्वीची वर्षभराची वणवण त्यांच्या हिशेबात सहसा येत नाही.

१९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी देशातील २७ कोटी माणसे दररोज तीन आण्यांवर जगतात, असे सांगितले. सरकारपक्षाचे उत्तर पंधरा आण्यांचे होते. तो वाद नुसत्या आकड्यांचा नव्हता. सरासरीच्या आड माणूस कसा लपवला जातो, याचा होता. क्षयनिर्मूलनाच्या आलेखाआडही असाच एक माणूस लपलेला आहे.

हाताची किंमत

कायद्याला हाताची किंमत ठाऊक नाही असे नव्हे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कोष्टक घालून दिले. त्यात अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरले, चार बोटे गेली तर ५० टक्के, हात गेला तर ६० टक्के. यंत्राने क्षणात तोडलेल्या हाताची ही किंमत. रोगाने दोन वर्षांत हळूहळू खाल्लेल्या हातासाठी मात्र सामान्य मजुराच्या हाती काहीच पडत नाही.

१९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत क्षय हा दीर्घकालीन आजार मानला गेला आणि पात्र कामगाराला दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद झाली. कामगार चळवळीच्या दबावाखेरीज हे घडले नसते. पण ही योजना ठराविक वेतनमर्यादेतील संघटित कामगाराची. घरी विड्या वळणारी स्त्री, ऊसतोडणी कामगार, नाक्यावर उभा राहणारा बांधकाम मजूर यांपैकी बहुतेकांपर्यंत ती पोहोचत नाही. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभारला गेला. विड्यांवरच्या उपकरातून त्याला पैसा मिळे. वस्तू आणि सेवा कर आणताना २०१७ साली तो उपकरच रद्द करण्यात आला.

उरली ती निक्षय पोषण योजना. एप्रिल २०१८ पासून रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. पोषणाचे महत्त्व वादातीत आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाच्या कुटुंबाला पुरेसा शिधा दिल्यावर घरातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. परंतु पोषणभत्ता म्हणजे बुडालेल्या मजुरीची भरपाई नव्हे. २०२५-२६ साठी रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. त्या हिशेबाने १००० रुपये म्हणजे जेमतेम सव्वातीन दिवसांची मजुरी. हाताला खपाची बांधलेल्या माणसाने महिन्याचे उरलेले दिवस कशावर काढावेत, याचे उत्तर योजनेत नाही. फुप्फुसाचा रुग्ण काही आठवड्यांत हळूहळू हलक्या कामाला लागू शकतो. हाताच्या रुग्णाला हलके काम कोणते? विश्रांती हेच त्याचे औषध, आणि तेच औषध सरकार देत नाही.

चळवळीचे काम

मागण्या मोठ्या नाहीत, पण नेमक्या असल्या पाहिजेत. सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या मनगटाच्या किंवा बोटाच्या प्रत्येक सुजेमागे क्षय आहे का, हे तपासल्याखेरीज तेथे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाऊ नये, अशी स्पष्ट सूचना सरकारी आणि खाजगी अशा सर्व दवाखान्यांना दिली जावी. तालुक्याच्या क्षयकेंद्रातून असा रुग्ण थेट जिल्हा रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागाकडे जावा. तेथे तुकडा काढला जावा, त्याचे दोन भाग व्हावेत आणि सर्व तपासण्या विनामूल्य व्हाव्यात. उपचार सुरू असेतो किमान वेतनाशी जोडलेला निर्वाहभत्ता मिळावा. खपाची आणि व्यायामोपचार हे औषधाइतकेच उपचाराचे अंग मानले जावे. आणि वार्षिक अहवालात किती रुग्णांनी औषधे पूर्ण केली एवढेच न छापता, हाडासांध्यांचे किती रुग्ण पुन्हा आपल्या कामावर गेले, हेही छापले जावे. बरे होणे म्हणजे जंतू मरणे एवढेच नव्हे. हात चालणे म्हणजे बरे होणे.

सरकारकडे मागणी करून थांबणे मात्र चळवळीला शोभणारे नाही. विडी कामगारांच्या वस्तीत, यंत्रमागाच्या खोल्यांत, ऊसतोडणीच्या तळावर कार्यकर्ते जातातच. वर्गणीसाठी, सभेसाठी, मोर्चासाठी जातात. तेथे गेल्यावर त्यांनी माणसांचे हातही पाहावेत. दोन-तीन महिने न उतरलेली सूज, न भरणारी जखम, मुलाचे फुगलेले बोट दिसले, तर त्या माणसाबरोबर जिल्हा रुग्णालयात जावे आणि तुकडा कोणत्या बाटलीत चालला आहे, हे विचारावे. प्रश्न विचारणारा बरोबर असला की यंत्रणेची आठवण ताजी होते, हा जुना अनुभव आहे.

श्रम हीच संपत्तीची जननी, असे समाजवादी व्यासपीठावरून आजवर असंख्य वेळा सांगितले गेले आहे. त्या श्रमाचे मनगट सुजले असेल, तर ते दुसऱ्याला धोकादायक आहे की नाही, याची वाट न पाहता त्याला वाचवणे हे कल्याणकारी राज्याचे काम आहे. रोग पसरेल या भीतीने केलेला उपचार म्हणजे समाजाने स्वतःपुरती घेतलेली काळजी. ज्याच्यापासून कोणाला काहीही भय नाही, त्याचाही उपचार जेथे हक्काने होतो, तेथेच समतेची सुरुवात होते.